तुपाचं मलम आणि चोवीस पाठी

आमच्या गल्लीत जयसिंगराव शितोळ्यांना कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ते मान ताठ करून सांगतात, "जनावरांच्या खात्यात आहे." ऐकणाऱ्याला वाटतं, ढोरांच्या दवाखान्यात असतील, नाहीतर जंगल खात्यात. प्रत्यक्षात देवासच्या बाहेर, इंदूरच्या रस्त्याला जे एक फार्मसी कॉलेज आहे, तिथे ते उंदीर सांभाळतात. पांढरे, लाल डोळ्यांचे, प्रयोगाचे उंदीर. गेली सत्तावीस वर्षं.

यात लाजण्यासारखं काही नाही, पण घराण्याचा इतिहास आडवा येतो. त्यांचे आजोबा थोरल्या पातीच्या राज्यात हत्तीखान्यावर होते. वडील पोलीस लाइनीत घोड्यांकडे. "आजोबा वर बघायचे, वडील समोर बघायचे, मला खाली वाकून बघावं लागतं," असं जयसिंगराव सांगतात आणि दुसरा कुणी हसायच्या आत आपणच हसून घेतात. कॉलेजात त्यांच्या ताब्यात दोन खोल्या आहेत. एकीत मोठे उंदीर, दुसरीत छोटे. मोठ्यांच्या खोलीला ते थोरली पाती म्हणतात आणि छोट्यांच्या खोलीला धाकटी. देवास शहर कधीकाळी दोन राजांत वाटलेलं होतं, तेव्हा गावातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. बाहेरगावच्या प्राध्यापकांना मात्र वर्षभर कळत नाही, की हा माणूस पिंजरे धुताना कुठल्या राज्यकारभाराविषयी बोलतोय.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. हिंदी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. या हकिगतीत माझाही बोटभर हात आहे, तो पुढे येईल.

तर दोन वर्षांपूर्वी उर्वी नावाची एक मुलगी त्यांच्याकडे आली. धारची, गोडबोल्यांची. एम.फार्म.चं शेवटचं वर्ष. घरात मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे बोलायला लागली की वाक्य सुरू एका भाषेत व्हायचं आणि उतरायचं दुसऱ्या भाषेत.

"काका, मला अठरा रॅट्स लागतील. भाजलेल्या जखमेवर क्रीम टेस्ट करायची आहे. सागाच्या पानांची. एकदम देसी चीज आहे."

"सागाची? फर्निचर करणार का उंदरांचं?"

उर्वी हसली, पण तिच्याजवळ उत्तर तयार होतं. कन्नौदकडे कॉलेजचं शिबिर गेलं होतं, तिथल्या एका गावात जमुनाबाई नावाची म्हातारी भाजलेल्यांना मलम लावते. सागाचा कोवळा पाला चुरडला की हात लाल होतात; तो रस गावरान तुपात घोटायचा आणि लावायचा. उर्वीनं तिथे तीन माणसांचे बरे झालेले हात पाहिले होते. आता ते खरंच मलमानं बरे झाले, की आपोआप झाले असते, हे तिला शोधायचं होतं. तिचे मार्गदर्शक मनन सर पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "तीन हात म्हणजे तीन गोष्टी झाल्या. पुरावा नाही झाला."

जयसिंगरावांची बायको भवानीबाई माहेरची कन्नौदची. संध्याकाळी ही हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "जमुनाबाईच्या मलमाची परीक्षा? अहो, आमच्याकडचं निम्मं गाव तिनं बरं केलंय. उंदरांना काय कळतं त्यातलं?"

कॉलेजच्या समितीची परवानगी आली आणि काम सुरू झालं. अठरा उंदरांचे तीन गट. पहिल्या गटाला काहीच लावायचं नाही, फक्त जखम धुवायची. दुसऱ्याला बाजारात मिळतं ते भाजल्यावरचं क्रीम. तिसऱ्याला सागाचं मलम. जखम मात्र सगळ्यांना सारखी हवी, आणि ती करावी लागते. उंदराला भूल द्यायची, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवरचे केस काढायचे, तापवलेली धातूची चकती ठरलेले सेकंद टेकवायची, आणि मग दुखू नये म्हणून औषध सुरू ठेवायचं. सगळं नियमानं. पण नियमानं केलं म्हणून बघणाऱ्याला सोपं जात नाही.

त्या दिवशी जयसिंगरावांनी एकेक उंदीर हातात घेऊन टेबलावर आणला आणि शुद्धीवर येईपर्यंत एकेकाला उबदार फडक्यात गुंडाळून धरलं. घरी आल्यावर जेवले नाहीत.

हे मला भवानीबाईंनी नंतर सांगितलं. त्यांनी भिंतीवरच्या पंचांगात पाहिलं होतं. एकादशी नाही, चतुर्थी नाही, काही नाही. वर्षातून तीन-चारदा यांचा असा बिनतिथीचा उपास पडतो. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्यांना वाटत होतं, की यांनी कुठल्या तरी अनोळखी देवाचं व्रत धरलंय आणि देव कोण ते लाजेनं सांगत नाहीत. एकदा त्यांनी विचारलंच. तर म्हणाले, "आज पोटात जात नाही, एवढंच." त्यानंतर त्यांनी विचारणं सोडलं आणि त्या दिवशी साबुदाणा भिजवायला लागल्या.

मलम लावायला सुरुवात झाली. रोज सकाळी दहाला उर्वी यायची, जखम धुवायची, मलम लावायची, वहीत लिहायची, जायची. पाच दिवस झाले, आठ झाले, दहा झाले. बाजारच्या क्रीमवाल्यांच्या जखमा आकसायला लागल्या. काही न लावलेल्यांच्याही हळूहळू आकसल्या. आणि सागाच्या गटाच्या जखमा होत्या तशाच. उलट ओल्या, लाल, रागावलेल्या.

दहाव्या दिवशी उर्वी थोरल्या पातीत स्टुलावर बसून राहिली.

"काका, माझं तर सगळंच बेकार झालं. काही न लावलेले पण आगे निघून गेले. जमुनाबाईला काय सांगू?"

"धीर धर, पोरी. कारण असेल काहीतरी."

"कारण हेच, की मलम फालतू आहे."

 पण जयसिंगरावांना एक गोष्ट खटकत होती. दर आठवड्याला उंदरांची वजनं ते स्वतः करतात. पाठीवर जखम असलेला प्राणी थोडा सुकतो, निदान वाढत तरी नाही. पहिल्या दोन गटांचं तसंच होतं. सागाचा गट मात्र अंगानं भरत चालला होता. त्यांची कातडी चकचकीत होती, गाल वर आले होते. जखम बरी होत नाही आणि तब्येत मात्र सासुरवाडीहून आल्यासारखी, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

दुसऱ्या दिवशी मलम लावून उर्वी गेली. जयसिंगराव एरवी त्या वेळेला चहाला जातात. त्या दिवशी गेले नाहीत. कोपऱ्यात पाण्याची बाटली हातात धरून, अजिबात हालचाल न करता बसले. उंदरांना वाटलं, खोली रिकामी झाली. सागाच्या गटाच्या पहिल्या पिंजऱ्यात तीन उंदीर होते. त्यातला एक उठला, मिशा हलवत दुसऱ्याच्या पाठीमागे गेला आणि त्यानं शांतपणे, जेवायला बसल्यासारखं, त्याची पाठ चाटायला सुरुवात केली. ते झाल्यावर दुसऱ्यानं तिसऱ्याची. मग तिसऱ्यानं पहिल्याची. पाच-सात मिनिटांत तिन्ही पाठी स्वच्छ. शेजारच्या पिंजऱ्यातही तशीच पंगत चालू.

जयसिंगराव एवढे हसले, की हातातल्या बाटलीचं पाणी पायावर सांडलं.

ते तसेच ओल्या चपलांनी मनन सरांच्या खोलीत गेले. उर्वी तिथेच होती, डोळे पुसत होती. जयसिंगराव दारातूनच म्हणाले, "पोरी, तुझं मलम पाठीला लागतच नाहीये. पोटाला लागतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गावरान तूप लावतेस आणि ते खातात. एकमेकांच्या पाठीवरून. कन्नौदचं तूप, सरकार. मीसुद्धा खाल्लं असतं."

मनन सर गंभीर माणूस. धारजवळच्या एका गावातून शिकत वर आलेले, सहजासहजी हसत नाहीत. त्यांनी आधी वजनाची वही मागवली. एकेका उंदराचे आकडे पाहिले. मग पिंजऱ्याशी जाऊन दहा मिनिटं उभे राहिले, पण आता माणसं समोर दिसत होती, तेव्हा उंदीर साळसूदपणे कोपऱ्यात बसून राहिले. शेवटी सरांनी मोबाइल पिंजऱ्यावर लावून ठेवला आणि सगळे बाहेर आले. व्हिडिओत पूर्ण पंगत निघाली.

सर ती बघता बघता एकदम फिस्सकन हसले. मग मोबाइल खिशात ठेवला. "चूक माझी," ते म्हणाले. "जखमेच्या प्रयोगात प्रत्येकाला वेगळा पिंजरा द्यायला हवा होता. जागा कमी म्हणून मी तीन-तीन ठेवू दिले. आणि बाजारचं क्रीम चवीला वाईट, म्हणून तो गट वाचला. आपण औषध नाही तपासलं, भिया. आपण चव तपासली."

सगळं पहिल्यापासून करायचं ठरलं. म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा भूल, पुन्हा जयसिंगरावांच्या घरी साबुदाणा.

या वेळी चोवीस उंदीर आणि चार गट झाले. कारण सरांना नवीनच शंका आली होती: साग काम करतो, की नुसतं तूपच काम करतं? तेव्हा एक गट नुसत्या तुपाचा. आणि प्रत्येकाला वेगळा पिंजरा. जयसिंगरावांना एकटा ठेवलेला उंदीर बघवत नाही; त्यांनी पिंजरे भिंतीला सलग असे चिकटवून मांडले, की शेजाऱ्याचं तोंड दिसावं. "बोलाचाली राहू द्या," ते म्हणाले. "जेवणं फक्त बंद."

दुसरी अडचण मोजणीची होती. रोज जखमेवर पारदर्शक प्लास्टिक ठेवून कडा आखायची, मग ती आकृती आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. उर्वीनं मोजलं, तर आपलं मलम जिंकावं असं तिला वाटणारच. हात थोडा इकडेतिकडे होतो. सर म्हणाले, कुणाला कुठलं मलम लावलंय हे ज्याला माहीत नाही, त्यानंच मोजायला हवं. आणि त्यांनी जयसिंगरावांकडे पाहिलं.

मलमं सरांनी स्वतः डब्यांत भरली आणि डब्यांवर फक्त लाल, निळी, पिवळी, हिरवी चिठ्ठी लावली. कुठल्या रंगात काय, हे एका पाकिटात घालून पाकीट कपाटात बंद केलं. त्या दिवसापासून मलम लावायचं काम उर्वीचं आणि आखायचं, मोजायचं जयसिंगरावांचं. काही न लावण्याच्या गटालाही डबा होता. त्यात नुसतं पाणी. तो उघडला की उर्वीला कळायचंच. पण ती मोजत नव्हती, आणि तोंडही उघडत नव्हती.

त्या संध्याकाळी जयसिंगराव माझ्याकडे आले. हातात आलेखाचा कागद.

"गुरुजी, अर्धा चौकोन कसा धरायचा?"

मी सांगितलं, अर्ध्याहून जास्त असेल तर पूर्ण धरा, कमी असेल तर सोडून द्या. त्यांनी माझ्यासमोर चमच्याची, बशीची, स्वतःच्या अंगठ्याची आकृती काढून मोजून दाखवली. तीन वेळा तेच उत्तर येईपर्यंत उठले नाहीत. चाळीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं मला एवढं समाधान दिलेलं नाही.

पण खरी पंचाईत वेगळीच होती. सागाचा रस लाल. जखम धुतली तरी कडेला तांबूस रंग राहणार आणि मोजणाऱ्याला कळणार. तुपाचा वास येणार तो निराळाच. जयसिंगराव घरी याच विचारात होते. भवानीबाई बुंदी पाडत होत्या. शेजारी खाण्याच्या लाल रंगाची पुडी.

"हा रंग तुपात मिसळतो का?" त्यांनी विचारलं.

"बुंदीत मिसळतो, तर तुपात का नाही मिसळणार?"

"आणि पाण्यात?"

"अहो, पाण्यात तर आधी."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना विचारलं, की सगळ्याच डब्यांत सारखा लाल रंग घातला तर? सरांनी परवानगीचा रंग कुठला ते तपासलं आणि चारही डब्यांत सारखा मिसळला. त्यामुळे पुढचे तीन आठवडे थोरल्या पातीतले चोवीस उंदीर पाठीवर लाल ठिपका घेऊन असे वावरत होते, जसे काही रंगपंचमीच्या गेरीच्या मिरवणुकीतून परत आलेत. वासाचा बंदोबस्त जयसिंगरावांनी स्वतःच केला. आखायला जायच्या आधी ते दोन्ही नाकपुड्यांना बाम चोपडायचे. डोळ्यांत पाणी यायचं, नाक वाहायचं, पण तुपाचा वास येत नसे.

"इतकं कशाला?" मी विचारलं.

"गुरुजी, मला कळलं ना, तर माझाही हात हलेल. मी काय देव आहे? पोरीचं मलम हरावं असं मला तरी कुठे वाटतंय?"

एकवीस दिवस रोज चोवीस आकृत्या. रविवार नाही, सण नाही. मधे त्यांच्या साडूच्या घरचं लग्न निसरपूरजवळ होतं. भवानीबाई एकट्या गेल्या आणि तिथे विचारणाऱ्याला त्यांनी सांगितलं, की यांच्याकडे मोजणी चालू आहे. लोकांना वाटलं, जनगणनेचं काम आलं असेल. कुणी खोलात गेलं नाही.

आखता आखता जयसिंगरावांचा जीव निळ्या डब्यावर बसला होता. निळ्यांच्या जखमा भराभर भरत होत्या. मनातल्या मनात त्यांनी ठरवूनच टाकलं, की निळा म्हणजे साग. कुणाला बोलले नाहीत. पण उर्वी "काका, कसं चाललंय?" असं विचारायची, तेव्हा त्यांचं तोंड इतकं खुलायचं, की मनन सरांनी त्यांना तोंडावर मास्क लावायला सांगितला.

बाविसाव्या दिवशी पाकीट फुटलं. सर, उर्वी, जयसिंगराव. सरांनी चिठ्ठी वाचली.

"पिवळा, काही नाही. हिरवा, नुसतं तूप. लाल, साग आणि तूप. निळा..." ते थांबले. "निळा, बाजारचं क्रीम."

जयसिंगरावांनी चिठ्ठी हातात घेऊन पुन्हा वाचली.

बाजारच्या क्रीमच्या जखमा सरासरी साडेसोळा दिवसांत बुजल्या होत्या. सागाच्या सतरा. नुसत्या तुपाच्या एकोणीस. आणि काही न लावलेल्यांच्या एकविसाव्या दिवशीही थोड्या उघड्याच.

"हरलो की आपण," जयसिंगराव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. स्वतःचा घोडा मागे पडावा तसं. एवढं प्रेम ज्याच्यावर केलं, तो निळा परकाच निघाला.

पण उर्वी नाचायचीच बाकी होती. "काका, हरलो कुठे? अर्धाच दिवस मागे! आणि नुसत्या तुपापेक्षा दोन दिवस आगे! म्हणजे सागाच्या पानात सच में काहीतरी आहे. जमुनाबाई बरोबर होती."

"थोडी बरोबर," सर म्हणाले. "उंदरांपुरती बरोबर. चोवीस उंदरांपुरती. यापुढे बोलायचं नाही." मग त्यांना स्वतःलाच ते फार कोरडं वाटलं असावं. त्यांनी जयसिंगरावांची आकृत्यांची फाइल उचलली आणि म्हणाले, "एवढी स्वच्छ मोजणी मी माझ्या पीएच.डी.त केली नव्हती."

यानंतरचा एक दिवस मी गाळू शकलो असतो, पण ते खरं होणार नाही. कातडी आतून कशी भरली हे बघायला प्रत्येक गटातल्या दोघा उंदरांना कायमची भूल द्यावी लागली. आठ जण. जयसिंगराव त्या दिवशी रजा घेऊ शकत होते. सरांनी तसं सुचवलंही. ते गेले, प्रत्येकाला हातात धरलं, घरी आले, आंघोळ केली. बाकीच्या सोळांना त्यांनी सरांकडे अर्ज करून मागून घेतलं. पुढे कुठल्याही प्रयोगात घ्यायचं नाही या अटीवर ते थोरल्या पातीच्या खिडकीकडच्या रांगेत राहिले आणि आता पुन्हा एकत्र, चार-चार.

उर्वीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिला प्रयोग का फसला, ते विचारलं. उर्वीनं सरळ सांगितलं, की उंदरांनी औषध खाल्लं आणि ते मला नाही, जयसिंग काकांना दिसलं. बाई हसत सुटल्या आणि म्हणाल्या, मला त्या काकांना भेटायचंय. जयसिंगराव तेव्हा भुसा चाळत होते. केसांत, मिशांत भुसा. बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला संशय कशानं आला?" ते म्हणाले, "मॅडम, आजारी माणूस जाड व्हायला लागला, तर स्वयंपाकघरात बघावं." बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या दिवसानंतर जयसिंगराव आठवडाभर मिशांना तेल लावून कॉलेजात गेले.

थंडीत उर्वीला पीथमपूरच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली. धारच्या घरून रोज बस. जायच्या आधी ती जयसिंगरावांकडे जेवायला आली. मलाही बोलावलं होतं. भवानीबाई गराडू तळत होत्या. हा कंद थंडीत तळून, वर मसाला आणि लिंबू पिळून खाल्ला नाही, तर माळव्यात हिवाळा आला असं कुणी मानत नाही. गप्पांच्या नादात एक फोड वरून सुटली आणि उकळतं तेल भवानीबाईंच्या मनगटावर उडालं.

त्या ओरडल्या. पण लगेच उर्वीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या पिशवीत मलमाची डबी आहे ना गं? काढ."

डबी होती. उर्वीनं आठवण म्हणून जवळ ठेवली होती. तिचा हात पिशवीकडे गेलाही. जयसिंगरावांनी तोवर गॅस बंद केला होता, बायकोला मोरीत नेऊन मनगट नळाच्या धारेखाली धरलं होतं.

"ते नाही लावायचं," ते म्हणाले. "माणसांवर अजून तपासलेलं नाही. वीस मिनिटं गार पाणी, मग डॉक्टर."

"अहो, जमुनाबाईचं आहे ते! माझ्या माहेरचं! मी काय उंदीर आहे का, परवानगी यायची वाट बघायला?"

"उंदीर असतीस तर लावलं असतं."

उर्वी हसू दाबायला बाहेर पळाली. मी घड्याळ घेऊन मोरीच्या दाराशी उभा राहिलो. भवानीबाईंनी वीस मिनिटांत नवऱ्याचा, सासरचा आणि फार्मसी कॉलेजचा पूर्ण समाचार घेतला. जयसिंगरावांनी हात सोडला नाही. डॉक्टरांनी पाहिलं, वरवरचंच आहे म्हणाले आणि बाजारातलं एक क्रीम लिहून दिलं. नाव वाचून जयसिंगरावांचा चेहरा पडला.

"तेच का हो, ज्यानं तुम्हाला हरवलं?" भवानीबाईंनी विचारलं.

"तेच."

"मग चांगलं असेल. आणा."

रोज सकाळी ते स्वतः बायकोच्या मनगटाला क्रीम लावू लागले. तिसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, की यांनी प्लास्टिकचा तुकडा ठेवून माझा हात आखला. मी जयसिंगरावांना विचारलं. ते म्हणाले, "सवय, गुरुजी. पण बरं चाललंय, चौकोन कमी होतायत."

दोन आठवड्यांत मनगट बरं झालं. फिकट डाग राहिला. उर्वीचा धारहून फोन आला, कंपनीतलं कँटीन, बॉस, बस, सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "काकू, आता तळायला हात चालतो ना?"

"चालतो," भवानीबाई म्हणाल्या, "पण मी आता तळत नाही."

त्या म्हणाल्या ते खरं आहे. रविवारी त्यांच्या घरी गेलं, तर भवानीबाई खुर्चीवर बसून मीठ-मसाला किती ते सांगत असतात, आणि जयसिंगराव बाह्या मनगटापर्यंत ओढून, चेहरा शक्य तितका लांब ठेवून, लांब दांड्याच्या झाऱ्यानं गराडू तळत असतात. पहिला घाणा अजून कच्चाच निघतो. तो मला देतात.